मुका चेंजओव्हर

वीज कंपनीचा माणूस सकाळी निरोप देऊन गेला तेव्हा इस्पितळात कुणाच्याही कपाळावर आठी पडली नाही. रस्त्याखालची मोठी केबल एका जोडापाशी तापत होती. दुपार कलली की लाइन बंद करून तो जोड नवा करायचा होता. आज नाही केला तर केबल तिला वाटेल तेव्हा स्वतःहूनच जाणार होती. काम दिवेलागणीपर्यंत चालेल, असं तो माणूस म्हणाला. अधीक्षकांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हरकत नाही. जनरेटर आहेच की."

वायरमनबाईची मात्र हरकत होती.

ती इस्पितळाची विद्युत सुपरवायझर. तिच्याआधी या खात्यात सगळे पुरुषच होते, म्हणून पहिल्याच आठवड्यात कुणीतरी 'वायरमनबाई' अशी हाक मारली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. तिला त्याचं काही वाटत नसे. भीतीही तिला सहसा वाटत नसे; विजेच्या कामात भित्र्याचंही चालत नाही आणि बेफिकिराचंही. पण गेला आठवडाभर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिच्या धाकट्या बहिणीला दिवस भरायच्या बरंच आधी मुलगी झाली होती. ओंजळीत मावेल एवढं ते बाळ दुसऱ्या मजल्यावर, नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात, काचेच्या पेटीत होतं. बाळाचा श्वास मशीन घेत होतं, मशीन विजेवर चालत होतं, आणि वीज आज दुपारी जाणार होती.

जनरेटर आहेच की! हे वाक्य ती नोकरीला लागल्यापासून ऐकत होती. दर सोमवारी जनरेटर बटण दाबून सुरू व्हायचा, थोडा वेळ धडधडायचा, बंद व्हायचा. नियम मात्र तेवढ्यावर थांबत नाही. नियम सांगतो की महिन्यातून एकदा कंपनीची वीज खरोखर तोडायची आणि जनरेटर खरा भार उचलतो का ते बघायचं. जिथे माणसाचा जीव विजेवर आहे तिथे दहा सेकंदांच्या आत वीज परत यायला हवी. पण हे दहा सेकंद कुणालाच नको होते. कक्षाला नको होते, ऑपरेशन थिएटरला नको होते, अधीक्षकांना तर मुळीच नको होते. तिने आल्यापासून दोनदा विचारलं होतं, दोनदा 'पुढच्या महिन्यात बघू' असं उत्तर मिळालं होतं, आणि तीही मग गप्प बसली होती. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. तेव्हा तिचं काही जळत नव्हतं.

हा भाग नशीबवान होता. वीज इथे वर्षानुवर्षं गेली नव्हती, आणि खरं दुखणं तेच होतं.

ती तडक मागच्या अंगाला जनरेटरच्या शेडमध्ये गेली. जनरेटर सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे डिझेलकाका म्हणत. काका स्टुलावर बसून फडक्याने एक नट पुसत होते. तो आधीच आरशासारखा चकचकीत होता.

"काका, याला कधी कक्षाचा भार घेताना पाहिलंय तुम्ही?"

"अगं, याचा आवाज ऐकलास का? सिंहासारखा गुरगुरतो."

"गुरगुरतो हो. शिकार केलीय का कधी?"

काकांचं फडकं थांबलं. "नवा बसवला तेव्हा केली असेल. तेव्हा मी नव्हतो इथं." मग जरा दुखावल्या स्वरात म्हणाले, "डिझेल भरलेलं आहे, बॅटरी नवी आहे, पाणी, तेल सगळं बघतो मी. माझ्या बाजूनं खोट नाही."

"तुमच्या बाजूची भीती नाहीये काका. तुम्ही घोडा रोज फिरवून आणता. पण त्याच्या पाठीवर कुणी बसलंच नाही, तर तो स्वार घेईल की पाडेल हे आपल्याला कसं कळणार?"

"मग?"

"मग आज बसून बघायचं. कंपनीनं लाइन घालवायच्या आधी."

काकांनी नट खाली ठेवला. "अधीक्षक तुला खातील."

"खाऊ देत. मी पचायची नाही."

पण अधीक्षकांनी तिला खाल्लं नाही. त्यांनी हात झटकले. "कक्षाच्या मॅडम हो म्हणत असतील तर माझं काही म्हणणं नाही," असं म्हणाले, म्हणजे मॅडम नाही म्हणतील याची त्यांना खात्री होती.

मॅडम म्हणजे नवजात कक्षाच्या मुख्य डॉक्टर. आवाज बारीक, बोलणं त्याहून कमी. त्यांच्या शेजारी कक्षाच्या इन्चार्ज सिस्टर उभ्या होत्या, आणि त्यांचं बोलणं दोघींना पुरून उरेल एवढं होतं.

"वीज तोडून बघणार?" सिस्टर म्हणाल्या. "म्हणजे माणसाचं नाक दाबायचं आणि बघायचं, तोंड उघडतंय का? बाई, ही बाळं आहेत. तुमची भाची आहे त्यांत!"

"म्हणूनच सांगतेय सिस्टर. आत्ता वीज मी तोडली आणि जनरेटरने पाठ दाखवली, तर माझा हात ब्रेकरच्या दांड्यावरच असेल. दांडा वर केला की वीज परत. दुपारी कंपनीने तोडली आणि याने पाठ दाखवली, तर परत कुठून आणायची? तेव्हा रस्ता खणलेला असेल, केबल कापलेली असेल. तहान लागल्यावर विहीर खणून काय उपयोग?"

मॅडमनी विचारलं, "अंधार किती वेळ?"

"दहा सेकंद. त्यात जनरेटर आला नाही तर मी दांडा वर करते."

"मशीनच्या आत बॅटऱ्या असतात."

"असतात. त्या किती जिवंत आहेत ते मला माहीत नाही."

"मलाही नाही," मॅडम म्हणाल्या. आपल्याला माहीत नाही याची भीती असते. डॉक्टरलाही माहीत नाही याची भीती निराळीच.

सिस्टरांचा स्वर उतरला. त्या समजावणीने म्हणाल्या, "असं करा ना. थिएटरवर करून बघा, लिफ्टवर करा, पंपावर करा. जनरेटर एकच आहे. तिथे चालला म्हणजे इथेही चालेल. इथलं तेवढं सोडा."

'हो' तिच्या अगदी ओठांवर आलं. काय बिघडणार होतं? बाकीचं तपासलं, ठीक निघालं, इथलं राहिलं. कुणी बोट ठेवलं नसतं. खिडकीकडच्या त्या पेटीला हातही न लावता दिवस निघून गेला असता. कदाचित.

"सिस्टर, जनरेटर एक आहे, पण चेंजओव्हर प्रत्येक विभागाचा वेगळा आहे," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला. "शेजारी जेवला म्हणून आपलं पोट भरत नाही."

चेंजओव्हर म्हणजे एक लोखंडी कपाट. आत दोन मोठे स्विच, एक कंपनीच्या विजेचा, एक जनरेटरचा. कंपनीची वीज गेली की पहिला आपोआप सुटतो, जनरेटरला सुरू व्हायची खूण जाते आणि दुसरा ठक्कन बसतो. दोन्ही एकदम लागले तर भडका उडेल, म्हणून दोघांच्या मध्ये एक आडवी दांडी असते. एक सुटल्याशिवाय दुसरा बसूच शकत नाही. नवजात कक्षाचं हे कपाट कक्षाला लागूनच, कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत होतं.

मॅडमनी काचेपलीकडच्या पेट्या मोजल्या. "प्रत्येक बाळामागे एक सिस्टर," त्या म्हणाल्या. "हाताने श्वास द्यायची पिशवी अंधार झाल्यावर हातात घ्यायची नाही, आधीच हातात हवी. औषधाच्या पंपांकडे दोघी. गरम चादरी तयार ठेवा. आणि तुम्ही आधी बाकीचे विभाग करून घ्या, म्हणजे जनरेटरचा संशय तरी फिटेल. मग आमच्याकडे या." वायरमनबाई वळली तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमची भाची कोणत्या पेटीत?"

"खिडकीकडच्या."

"तिची पिशवी मी धरते."

थिएटर रिकामं होतं. तिथला चेंजओव्हर चटकन बदलला. लिफ्टचाही बदलला. जनरेटरने हुं की चूं केलं नाही. काकांची छाती फुगली. "बघ, म्हटलं नव्हतं? उगाच घाबरवतेस म्हाताऱ्याला." तिलाही बरं वाटलं. अर्ध्या जिन्यापर्यंत ते बरं वाटणं टिकलं.

धाकटी नेहमीच्या जागी बसली होती. कॉरिडॉरच्या टोकाला, चेंजओव्हरच्या खोलीच्या दाराला पाठ टेकून. कक्षात चोवीस तास पिपाण्या आणि टिकटिक. हाच कोपरा तेवढा शांत, म्हणून आठवडाभर तिने तो धरला होता. वायरमनबाई स्वतःही दोनदा त्या खोलीत डोकावून गेली होती आणि कशी छान शांत खोली आहे म्हणून दार लोटून आली होती.

"ताई, सिस्टर म्हणत होत्या दिवे जाणार."

"जाणार नाहीत. मी घालवणार आहे. क्षणभर."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केस कसेतरी बांधलेले. "लहानपणी मी न्हाणीत गेले की बाहेरून दिवा घालवायचीस. आठवतंय? आणि मी भिऊन मोठमोठ्याने गाणं म्हणायचे."

"बेसूर."

"तू दिवा लावेपर्यंत म्हणत राहायचे." तिने गुडघे जवळ ओढले. "हौस अजून फिटली नाही का गं तुझी?"

वायरमनबाईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "काचेपाशी उभी राहा. मॅडम स्वतः आहेत तिच्यापाशी."

"आणि तू?"

"मी खाली. दिव्यापाशी."

तळघरातलं मुख्य पॅनेल भिंतभर लांब होतं. प्रत्येक दांड्याखाली विभागाचं नाव. 'नवजात' असं लिहिलेल्या दांड्यावर तिने हात ठेवला. दुसऱ्या हातातल्या फोनवर इन्चार्ज सिस्टर होत्या. त्यांच्या मागे पिपाण्या, पावलं, कुणाचं तरी कुजबुजणं.

"सगळ्या तयार?"

"तयार. जीव मुठीत धरून उभ्या आहोत. करा एकदाचं काय ते."

तिने दांडा खाली ओढला.

फोनमध्ये एकदम सगळ्या मशीननी टाहो फोडला. मागच्या शेडमध्ये जनरेटर खाकरला, धडधडला आणि सुरात आला. आला! तिने मोजायला सुरुवात केली होती, मोठ्याने. जनरेटर आला म्हणजे आता ठक्कन आवाज व्हायचा, वर दिवे लागायचे.

"सिस्टर?"

"अंधार आहे."

"जनरेटर सुरू झालाय. येईल."

"अंधार आहे बाई! एक मशीन बंदच पडलं! मॅडम, मॅडम..."

आकडे तोंडातून पडत होते. सात. आठ. फोनमध्ये कुठेतरी लांब कुणीतरी गाणं म्हणत होतं. मोठ्याने, बेसूर, तीच जुनी ओळ पुन्हा पुन्हा. दहा. आता दांडा वर करायचा होता. पण हात हललाच नाही. जनरेटर इतका नीट चालला होता. अजून एक क्षण, अजून एकच क्षण दिला तर येईल, येईलच...

"बाई! वर करा!"

तिने दांडा वर ढकलला.

"आले," सिस्टर म्हणाल्या. आणि मग रडवेल्या स्वरात, "आले दिवे, आले."

पॅनेलचा गार पत्रा कपाळाला लावून ती तशीच उभी राहिली. तिने विचारायच्या आधी सिस्टरांनीच सांगितलं, "सगळी ठीक आहेत." मग ती जिन्याकडे धावली.

चेंजओव्हरची खोली उघडून ती कपाटासमोर उभी राहिली, आणि तेव्हा कुठे तिला ऐकू आलं. म्हणजे काहीच ऐकू आलं नाही. तेच चुकलं होतं. एवढा मोठा विजेवरचा स्विच, विद्युतचुंबकाच्या ताकदीने घट्ट धरलेला. तो गुणगुणतो. नवा असला तर थोडा, जुना असला तर कटकट होईल इतका. थिएटरचा गुणगुणत होता. लिफ्टचा तर कुरकुरत होता. हा एकटाच मुका. आणि आपण दोनदा येऊन या शांततेचं कौतुक करून गेलो!

तिने कपाटाचं बाहेरचं दार उघडलं. आत हात घालता येत नव्हता. सगळं जिवंत होतं. टॉर्चचा झोत तिने हळूहळू कंपनीच्या स्विचवर फिरवला. हलत्या जबड्याच्या, म्हणजे लागणाऱ्या-सुटणाऱ्या भागाच्या मागे, फटीत, दोन लाकडी पट्ट्या एकावर एक ठोकून बसवल्या होत्या. पातळ, गोल टोकाच्या.

"अगंबाई," मागून इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या. "या तर जीभ दाबायच्या पट्ट्या. आमच्या ट्रेमधल्या."

"कुणी बसवल्या?"

"देव जाणे. मी आले तेव्हा ही खोली नुसती भुणभुण भुणभुण करायची. भिंतीपलीकडे बाळं दचकायची. आम्ही तक्रारी करून करून थकलो. मग एक दिवस आवाज थांबला. आम्हाला वाटलं, कुणीतरी दुरुस्त केलं." त्या थांबल्या. "त्या माणसाला आम्ही किती दुवा दिल्या."

त्या पट्ट्यांनी जबडा आवळून धरला होता, म्हणून थरथर बंद, गुणगुण बंद. आणि म्हणूनच कंपनीची वीज गेली तरी तो जबडा सुटला नव्हता. पहिला सुटला नाही म्हणून दुसरा बसला नाही. दांडीने आपलं काम चोख केलं होतं. जनरेटर खाली उगाच ओरडत राहिला. बाळांची झोप मोडू नये म्हणून कुणीतरी फार मायेने हे करून ठेवलं होतं.

मॅडम दाराशी आल्या. त्यांच्या कपाळावर घाम होता. "काढता येईल?"

"येईल. पण कंपनीची वीज तोडून. आणि या वेळी दहा सेकंदांत नाही होणार. चेंजओव्हर बंद करायचा, दांडा खाली, सगळं मेलंय का तपासायचं, पट्ट्या काढायच्या, मग पुन्हा चालू. काही मिनिटं जातील."

"पिशव्या आमच्या हातात आहेत," मॅडम म्हणाल्या. "एका मशीनची बॅटरी मेलेली निघाली, आता तेवढं तरी माहीत आहे. तुम्ही घाई करू नका. घाईत तुम्ही इथे चिकटलात तर आम्हाला आणखी एक पेशंट होईल."

"कुणाचं मशीन, मॅडम?"

मॅडम म्हणाल्या, "काम झाल्यावर विचारा."

म्हणजे कळलंच. तिने पायातले रबरी बूट घट्ट रोवले. तेवढ्यात अधीक्षकांचा निरोप आला: कंपनीची माणसं खड्ड्यात उतरून बसली आहेत, लाइन घालवू का म्हणून विचारतायत. मॅडम म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, चहा प्या. आम्ही सांगू तेव्हा."

काका तळघरात दांड्यापाशी गेले. आतल्या अंधारात कपाट दिसायला हवं होतं, म्हणजे कुणीतरी टॉर्च धरायला हवी होती. सगळ्या सिस्टर बाळांपाशी होत्या. उंबऱ्यापलीकडे धाकटी उभी होती.

"मी धरते," ती म्हणाली.

"उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. आणि काही झालं तरी मला हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं."

"खरंच कळलं का?"

"हो गं ताई! न्हाणीतल्या अंधाराची सवय मला आहे, तुला नाही."

वायरमनबाईने कपाटाची कळ 'बंद'वर फिरवली. आता जनरेटरला हाक जाणार नव्हती. फोनवर म्हणाली, "काका, खाली."

सगळीकडून पुन्हा तो टाहो उठला. खोली काळी झाली. टॉर्चचा पिवळा गोल कपाटावर येऊन थरथरत थांबला. भिंतीपलीकडून मॅडमचा बारीक आवाज येत होता, एका लयीत: "दाबा. सोडा. दाबा. सोडा."

आता घुसावंसं वाटत होतं. दांडा खाली आहे, काकांनी सांगितलंय, मग तपासत काय बसायचं? एकेक श्वास कुणाच्या तरी हाताने चालला होता. तिने दात आवळले आणि टेस्टर चालतो का ते आधी एका सुट्या बॅटरीवर लावून बघितलं. लागला. मग एक तार. मेलेली. दुसरी. मेलेली. तिसरी. बघण्यात वेळ जातो, पण न बघण्याने मेलेली माणसं तिने पाहिली होती.

तिने पहिली पट्टी चिमट्यात धरून ओढली. निघाली नाही. उष्णतेने वाळून ती हाडासारखी झाली होती. पुन्हा ओढली. कट्कन मोडली आणि अर्धी आतच राहिली.

"ताई?"

"प्रकाश हलवू नकोस."

"हलत नाहीये. मी हलतेय."

"मग गाणं म्हण."

धाकटी म्हणायला लागली. घसा बसलेला, सूर कधीच नव्हता. पण टॉर्चचा गोल स्थिर झाला. वायरमनबाईने बारीक टोकाचा चिमटा फटीत घातला, तुकडा पकडला, सुटला, पुन्हा पकडला. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. भिंतीपलीकडे दाबा, सोडा. तुकडा सरकला. दुसरी पट्टी त्याच्याबरोबर सैल झाली आणि दोन्ही एकदम बाहेर आल्या. त्याबरोबर जबडा धाडकन उघडला. इतक्या जोराने की धाकटीचं गाणं मध्येच तुटलं.

वायरमनबाईने हात बाहेर घेतले, दार लावलं, कळ 'ऑटो'वर फिरवली.

काहीच झालं नाही.

मग मागच्या अंगाला जनरेटर खाकरला. ती मोजत नव्हती. कोण मोजणार? धाकटीने तिचा हात कधी धरला होता ते दोघींनाही कळलं नव्हतं. जनरेटर सुरात आला. थोडा दबला, जसा घोडा स्वार बसल्यावर क्षणभर दबतो, आणि पुन्हा सावरला. कपाटात ठक्कन आवाज झाला.

दिवे लागले.

भिंतीपलीकडे मॅडम म्हणाल्या, "मशीनवर घ्या. एकेक करून. घाई नको."

कंपनीला निरोप गेला. त्यांनी लाइन घालवली तेव्हा कक्षात कुणाला पत्ताही लागला नाही. खिडकीकडच्या पेटीला दुसरं मशीन जोडलं होतं. वायरमनबाई हात स्वच्छ धुऊन काचेपाशी गेली आणि त्या एवढ्याशा छातीचं वरखाली होणं बघत उभी राहिली. तिला वाटलं होतं, आता भीती जाईल. ती गेली नाही. आजपर्यंत ती जिथे नव्हती तिथे शिरली होती: पंपात, लिफ्टच्या तारेत, प्रत्येक बंद कपाटात, प्रत्येक 'आहेच की' मध्ये. मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"पुढच्या महिन्यात पुन्हा?" त्यांनी विचारलं.

"दर महिन्यात."

"आधी बॅटऱ्या बदलून घेते," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या उजव्या हाताची बोटं अजून नकळत दाबत होती, सोडत होती.

दिवेलागणीला कंपनीची वीज परत आली आणि काकांनी तळघरातला दांडा वर केला. चेंजओव्हर आपणहून माघारी फिरला, जनरेटर थंडावला, आणि भिंतीमागून ती सुरू झाली. भुणभुण. जाड, चिवट, कानात माशी शिरल्यासारखी.

"आली परत कटकट," इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या. पण त्यांनी कपाळाला आठी घातली नाही. एक-दोन बाळांनी दचकून हात पसरले आणि पुन्हा मिटले.

"स्विच नवा मागवते," वायरमनबाई म्हणाली. "तो कमी आवाज करेल."

"कमी. बंद नको," सिस्टर म्हणाल्या.

धाकटी नेहमीच्या जागी, दाराला पाठ टेकून बसली होती. दार तिच्या पाठीशी बारीक थरथरत होतं. तिचे डोळे मिटत आले होते. कितीतरी दिवसांनी.

"इथे झोप येईल का तुला?" थोरलीने विचारलं. "पलीकडे बाक आहे. आवाज नाही येत."

"नको. इथेच बरं." तिने डोळे न उघडता दाराला डोकं टेकलं. "ताई, तू बसणार आहेस ना थोडा वेळ?"

"बसतेय."

"मग हे गप्प झालं, तर मला उठव."